बाटली आणि झाकण

घरोघरचे प्लास्टिक गोळा करून, सारे एकत्र वितळवून शाळेसाठी बाक करून घ्यावेत, अशी सूचना यंदा विश्वस्त मंडळापुढे आली. सूचना आपुलकीची होती. पण त्या बाकांवर मुले बसणार, म्हणून आम्ही थोडा वेळ मागून घेतला.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तोंडी ‘बहुलक’ येते; मराठीत त्यालाच ‘बहुवारिक’ म्हणतात. शब्द कोणताही घ्या, वस्तू एकच : लहान रेणू जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. या साखळ्यांचे सहसा एकमेकींशी पटत नाही. दोन प्रकारचे प्लास्टिक वितळवून कितीही ढवळा, आतून ते तेल-पाण्यासारखे वेगळेच राहते. वजन पडले की तडा जातो तो दोघांच्या सीमेवरून.

मग मिसळूच नये का? तसे नाही. पॉलिस्टायरिनची पारदर्शक पट्टी वाकवली की ताडकन मोडते. त्यातच थोडे रबर आणले की ते चिवट होते, कारण रबराचे कण एका मोठ्या तड्याऐवजी असंख्य सूक्ष्म भेगांमध्ये धक्का वाटून देतात. पारदर्शकता मात्र जाते. आणि हे नुसत्या ढवळण्याने साधत नाही; रबराच्या साखळीला पॉलिस्टायरिनची साखळी जोडलेली असावी लागते. मध्यस्थ हवाच!

पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्यासाठी असा मध्यस्थ २०१७ साली अमेरिकेतील कॉर्नेल व मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवला. दोन्हींचे तुकडे आलटूनपालटून जोडलेली ही साखळी मिश्रणात १ टक्का घातली, तरी ठिसूळ मिश्रण चिवट झाले. साध्या भट्टीवाल्याकडे असा मध्यस्थ कुठला?

इंदुरात ओला-सुका वेगळा देण्याची सवय आपल्याला आहेच. सुक्यातही निवड करावी लागेल, इतकेच. विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावे : पाण्याच्या बाटलीचा तुकडा आणि तिचे झाकण बादलीत टाका. बाटलीचा तुकडा (पीईटी) बुडतो, झाकण तरंगते. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन मात्र दोन्ही तरंगतात, तिथे पाणी काही सांगत नाही. वस्तूवरील त्रिकोणातला आकडा पाहावा लागतो. २ आणि ४ म्हणजे पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन.

पालकांनी येत्या शनिवारी बाटल्या व झाकणे वेगवेगळ्या पिशव्यांत पाठवावीत. यंदाचे बाक मात्र लाकडाचेच घ्यावेत, असे आम्ही विश्वस्तांना कळवले आहे.