भिरुडाचे जबडे

चिपळूणच्या एका दुकानात बॅटरीवरची चेनसॉ पाहिली. दुकानदाराने बॅटरी खटकन बसवली, पातं ओंडक्यावर टेकवलं, खटका दाबला. ओंडक्याचे दोन तुकडे झाले. मी थबकलो ते त्यानंतर. त्याने बोट काढलं आणि आवाज तिथेच संपला. पेट्रोलची करवत कापायचं थांबलं तरी गुरगुरत राहते, धूर सोडते.

आमच्याकडे मे महिन्यात पडवीत जळण भरतात, अजूनही. गॅस आला तो स्वयंपाकघरात. न्हाणीघरातली चूल तशीच राहिली. आईन-किंजळीच्या विस्तवावर तापलेल्या पाण्याची सर गीझरच्या पाण्याला नाही.

आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये जर्मनीत बनवलेली चेनसॉसुद्धा विजेवरचीच होती, पण दोघांनी धरावी लागे इतकी जड. शिवाय त्या काळच्या साखळ्यांचे दात लाकूड ओरबाडत आणि लवकर बोथटत. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनच्या जंगलात जो कॉक्स हा लाकूडतोड्या एका बुंध्यातली भुंग्याची अळी निरखत बसला. लाकूड उभं असो की आडवं, तिला फरक पडत नव्हता. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ती पोखरत पुढे जाई. त्याने तिच्या जबड्यांची घडण साखळीच्या दातांत उतरवली. एक दात डावा, पुढचा उजवा. आजच्या साखळ्या त्याच वळणाच्या आहेत.

अशी अळी कोकणात कोणाला नवी नाही. कलमाच्या बुंध्याशी भुसा सांडलेला दिसला की समजायचं, भिरूड लागलं. काका मला खोडाला कान लावायला सांगायचे. आत कुरतडल्याचा बारीक आवाज येई. मग टोकाला आकडा केलेली तार भोकात सारून ते अंदाजाने फिरवत राहत. अळी बाहेर येई ती बोटाएवढी जाड, पिवळट, तपकिरी डोक्याची. जमिनीवर पडल्यावरही तिचे काळे जबडे उघडमीट करत. काका पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा भोकात कोंबून वर चिखल लिंपत, आणि पुढच्या झाडाकडे वळत. तरी एखादं झाड हातचं जाईच. यंदा परसातला रायवळ असाच वाळलाय, तोच कापायचाय.

कापणं करवतीचं, फोडायला कुऱ्हाडच लागणार, आणि ते मला आवडतं. पात्याचं टोक लाकडाला लागलं की करवत उसळून अंगावर येते, तेही ध्यानात ठेवायला हवं. खरी अडचण विजेची. २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर दापोलीकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि झाडं रस्त्यांवर आडवी. करवतीची सगळ्यात गरज तेव्हाच. घ्यायची तर जास्तीची बॅटरी सोबत हवी, आणि दोघांनी ओढायची जुनी करवतही मोडीत काढायची नाही.