लाकडाच्या मोळीपर्यंतची गोष्ट

सहावीत असताना आमच्या शाळेत एक गोष्ट सांगणारे गृहस्थ आले होते. शर्ट खोचलेला, पायात बूट, हातात ऑफिसची बॅग. कथाकथनकार म्हणून आम्ही ज्या कुणाची वाट पाहत होतो तो असा बँकेतल्या साहेबासारखा असेल असं वाटलं नव्हतं. पाचवी ते सातवीची सगळी पोरं हॉलमध्ये सतरंजीवर कोंबलेली. माईक घोंघावत होता, तो त्यांनी बंद करायला लावला आणि म्हणाले, तुमच्याच गावची गोष्ट सांगतो.

तुमच्याच गावची म्हणजे सोपाऱ्याची. बोळिंजहून सायकल मारली तर वीसेक मिनिटांत नालासोपाऱ्याचा स्तूप येतो. बुरुड राजाचा कोट म्हणतात त्या जागेला. आम्हाला ती जागा सहलीला नेतात ती, इतपतच ठाऊक. त्या सोपाऱ्यात फार पूर्वी भव नावाचा मोठा व्यापारी होता. एकदा तो आजारी पडला, तेव्हा बायको आणि मुलं त्याच्याकडे फिरकेनात. सेवा केली ती घरातल्या दासीनं. पुढे त्या दासीला त्याच्यापासून मुलगा झाला, त्याचं नाव पूर्ण. बाप गेला, सुना भांडायला लागल्या आणि वाटणीची वेळ आली. एका भावानं घर-जमीन मागितली. दुसऱ्यानं दुकान आणि परदेशी गेलेला माल. थोरला म्हणाला, मला पूर्ण द्या. दासीचा मुलगा वाटणीला बसणाराच नव्हता, तो वाटणीतली एक वस्तू होता. थोरल्यानं ती वस्तू घेतली आणि दोघं रस्त्यावर आले. घरात खायला काही नाही. वहिनीनं पूर्णच्या हातावर एक क्षुल्लक नाणं ठेवलं आणि पोरांसाठी काहीतरी आण म्हणाली. बाजाराच्या वाटेवर त्याला एक मोळीवाला दिसला. समुद्रानं किनाऱ्यावर फेकलेली लाकडं डोक्यावर घेऊन चालला होता आणि थंडीनं लटलट कापत होता. आजूबाजूला कुणालाच थंडी वाजत नव्हती.

"का कापत असेल तो?" त्या गृहस्थांनी विचारलं. आम्ही तोंडाला येईल ते ओरडलो. ताप, भूत, भूक. ते हसले, बॅग उचलली आणि म्हणाले, "पुढचं पुस्तकात वाचा."

वंदे मातरम् झालं. मी धावत ऑफिसात. आमची लायब्ररी म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं गोदरेजचं एक कपाट. त्याला कुलूप. शिपाईकाका म्हणाले, चावी बाईंकडे. बाई म्हणाल्या, बुधवारी. बुधवारी चाचणी परीक्षा होती. त्याच्या पुढच्या बुधवारी कपाट उघडलं तेव्हा लक्षात आलं, कुठलं पुस्तक ते त्या गृहस्थांनी सांगितलेलंच नाही.

मला ती गोष्ट इतकी का हवी होती याला एक कारण होतं. त्याच वर्षी आमच्या वाडीची वाटणी चालली होती. केळी, थोडी पानवेल, मागे चाफ्याची रांग. बाबा आणि काका ओटीवर बसून कागद पाहत, मग एकदम आवाज चढत आणि आम्हा मुलांना आत पाठवलं जाई. बोळिंजमधल्या त्या काळातल्या कुठल्याही घराला हे सांगायची गरज नाही. वाडी गेली की तिच्या जागी काय उभं राहतं ते आगाशी रस्त्यानं जाताना दिसतंच. मला एवढंच कळून घ्यायचं होतं, की ज्या भावानं जमीन न मागता भाऊ मागितला त्याचं पुढे काय झालं.

ते कळायला दहा-अकरा वर्षं लागली. २०२०च्या लॉकडाउनमध्ये, रात्री एक डिप्लॉयमेंट अडकलं होतं म्हणून जागा होतो आणि दुसऱ्या टॅबमध्ये सोपाऱ्याविषयी काहीबाही वाचत होतो. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली स्तूप उकरला, आत दगडी करंडक सापडला, त्यात बुद्धाचं भिक्षापात्र समजून जपलेले मातीचे तुकडे, वगैरे. तिथून एका उल्लेखावरून 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध कथासंग्रहापर्यंत पोचलो. त्यात 'पूर्णावदान' आहे. अँडी रॉटमन यांचं इंग्रजी भाषांतर २००८ सालचं. म्हणजे मी कपाटाच्या कुलपाशी उभा होतो त्याच सुमारास कुणीतरी ती गोष्ट छापत होतं. मोळीवाला कापत होता कारण त्या लाकडांत गोशीर्ष चंदन होतं. त्याच्या गारव्यानं तो गारठला होता. पूर्णनं ते ओळखलं. पहाटे तीन वाजता मी खुर्चीत एकटाच "हां!" असं मोठ्यानं म्हणालो.

त्या "हां!"च्या जोरावर मी २०२२ साली शाळेत गेलो आणि म्हणालो, आपण लेखक बोलावू या.

पहिला कार्यक्रम वाईट झाला. तो माझाच दोष, कारण सगळं मीच ठरवलं होतं. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा होता, १४ ते २८ जानेवारी. म्हणजे असले कार्यक्रम ज्या दिवसांत करायचेच असतात ते दिवस. नाव असलेले लेखक मिळाले. मग नाव असलेले लेखक येताहेत म्हणून संस्थेचे पदाधिकारी आले, स्थानिक मान्यवर आले, दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल, श्रीफळ, परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. पोरं दीड तास मांडी घालून बसली. लेखकांना पंचवीस मिनिटं मिळाली, त्यातली पंधरा त्यांनी मराठी भाषा कशी टिकवायची यावर घालवली. समोर मराठी माध्यमात बसलेल्या मुलांना! ती बिचारी टिकवतच होती. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एका मुलाने पाठ करून आणलेला प्रश्न विचारला, "आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?" उत्तर ऐकायला तो थांबलासुद्धा नाही, खाली बसून शेजाऱ्याला कोपर मारलं.

सगळे गेल्यावर मराठीच्या बाईंनी मला थांबवलं. मी शिकायला होतो तेव्हाच्या या बाई नव्हेत, नंतर आलेल्या. म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुम्ही वर्षातून एकदा पाहुणा आणणार, फोटो काढणार. मी इथे रोज आहे. मला गोष्ट सांगता येते. माझ्याकडे नाही तो वेळ. पोर्शन आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, मतदारयाद्यांचं काम आहे. तुम्ही इंजिनिअर ना? मला आठवड्यातले दोन तास मिळवून द्या, लेखक राहू दे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

घरी येऊन वाचायला लागल्यावर दिसलं, की बाईंची बाजू आपल्याकडे जुनी आहे आणि भक्कमही. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो, वर्ग त्याची फजिती करतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो आणि वर्ग गप्प होतो. पण तो पाहुणा नाही, वर्षभर तिथेच राहणारा मास्तर आहे. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. हे सगळं आमच्याच पालघर जिल्ह्यात, विरारहून डहाणूची गाडी पकडली की पुढे. मुलं शाळेत येत नाहीत, गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणात न्यायची, असा त्यांचा खाक्या. तिथेही गोष्ट सांगणारी बाई उद्या परत येणार हे मुलांना माहीत असे. साने गुरुजीही अमळनेरच्या वसतिगृहात मुलांबरोबर राहत होते. 'श्यामची आई'ची मांडणी आठवा: प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आज एवढं, उरलेलं उद्या रात्री. सांगणारा उद्या तिथे असणार हे त्यात गृहीतच आहे.

दुसरी बाजूही आहे. गुरुजी गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली, ती गावोगावच्या शाळांत पोचली, आणि तिच्यात बाहेरून येऊन गोष्टी सांगणारी माणसं होती. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर तिघं मिळून गावोगाव कथा सांगत फिरले. लिहिणारा माणूस समोर उभा राहून स्वतःच्या तोंडानं सांगतोय, याची एक वेगळी गंमत असते आणि ती वर्गशिक्षक देऊ शकत नाही, कितीही चांगला असला तरी. मला तो बँकेतल्या साहेबासारखा माणूस आठवतो; त्या वर्षीचे वर्गशिक्षक नीट आठवत नाहीत. हे बाईंना मी सांगितलेलं नाही.

वेल्समधल्या एका शाळेतून दहा-बारा वर्षांपूर्वी 'पेट्रन ऑफ रीडिंग' नावाची कल्पना निघाली. एक लेखक एका शाळेशी काही वर्षांसाठी जोडलेला राहतो. पुन्हा पुन्हा येतो, पत्रं लिहितो, मुलांनी काय वाचलं ते विचारतो. म्हणजे पाहुणा, पण नावानिशी ओळखणारा पाहुणा. बाईंना हे पटलं. "मामासारखा," त्या म्हणाल्या.

मग आम्ही बदल केले. हॉल बंद. एका वेळी एकच वर्ग, वर्गातच. शाल-श्रीफळ बंद, यावर बरीच बोलणी झाली, शेवटी गुलाबाच्या एका फुलावर तडजोड झाली. लेखक यायच्या महिनाभर आधी त्याचं पुस्तक वर्गात, निदान पाच प्रती. मानधन पाकिटातून, आधी ठरवून. "मुलांसाठी आहे हो" असं म्हणून लेखकाला फुकट बोलावण्याची जी आपल्याकडे रीत आहे तिची मला आता चीड येते. मंडपवाल्याला आपण असं म्हणत नाही. पैसे आम्ही चार-पाच माजी विद्यार्थी काढतो. आणि एक लेखक वर्षातून किमान दोनदा. दोनदा यायला तयार होणारे कमी असतात; विरार म्हटलं की दादरच्या माणसाचा आवाज बदलतो.

मी या सगळ्याची शीट ठेवली. सवयच ती. पाहुणा येऊन गेला की लायब्ररीच्या रजिस्टरमधल्या नोंदी वाढतात का, हे पाहायचं होतं. वाढायच्या, आणि दोन आठवड्यांत पुन्हा खाली. पुस्तकं चुकली का, लेखक चुकला का, यावर माझी बरीच डोकेफोड झाली. एका महिन्यात मात्र नोंदी शून्य होत्या, म्हणून बाईंना विचारलं. त्या महिन्यात त्या मतदारयाद्यांच्या कामाला होत्या आणि कपाटाची चावी त्यांच्या पर्समध्ये होती. मागचे महिने तपासले. ज्या आठवड्यात कपाट उघडं, त्या आठवड्यात नोंदी. प्रेरणेचा आलेख म्हणून मी जो पाहत होतो तो चावीचा आलेख होता. कपाटाचं दार काढून टाकायला आम्हाला पाच महिने आणि तीन अर्ज लागले. पुस्तकं चोरीला जातील, असा आक्षेप होता. काही गेली.

गेल्या जुलैत एक बालसाहित्य लिहिणाऱ्या बाई यायच्या होत्या, सातवीच्या वर्गावर, दुसऱ्यांदा. सकाळपासून पाऊस. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, गाड्या वसईच्या अलीकडेच थांबल्या, त्यांचा बोरिवलीहून फोन आला. मी घरून काम करत होतो, शाळेत पोचलो तर एकोणीस मुलं आलेली, ओल्या दप्तरांसकट. बाई म्हणाल्या, "आज तुम्हीच."

मला एकच गोष्ट येते. तीच सांगितली. या वर्गात आता सामवेदी, वाडवळी बोलणाऱ्या घरांतली मुलं थोडी. कुणी म्हाडाच्या इमारतींतलं, कुणाचे आईवडील परभणीकडचे, दोघांच्या घरी भोजपुरी. पण वाटणी म्हटल्यावर सगळ्यांचे कान टवकारले. वाटणी काय असते ते कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. मोळीवाल्यापाशी आलो तेव्हा थांबून "पुढचं पुस्तकात" म्हणायचा मोह झाला, खोटं कशाला बोला. थांबलो नाही. चंदन सांगितलं, राजाला ताप आला आणि तेच चंदन त्याला कसं हवं झालं ते सांगितलं, पूर्णच्या समुद्रावरच्या सफरी सांगितल्या, बोटीवर रात्री श्रावस्तीचे व्यापारी बुद्धवचनं म्हणत होते ती ऐकून तो सगळं सोडून कसा निघाला तेही.

खिडकीपाशी बसलेली एक मुलगी म्हणाली, "त्या दुसऱ्या दोन भावांना त्यानं मग पैसे दिले का? माफ केलं?"

गोष्टीत काय आहे ते मला माहीत होतं. घर सोडताना पूर्ण थोरल्याला बजावतो: ते दोघं उद्या एकत्र राहू या म्हणत आले तर जाऊ नकोस. आणि ते येतात, तसंच म्हणतात, आणि थोरला जात नाही. हे मुलांना सांगावं का, यावर मी क्षणभर अडलो. बाबा आणि काका अजून बोलत नाहीत. लग्नाकार्यात एकाच पंगतीत बसतात, मधे दोन माणसं सोडून.

सांगितलं.

"बरोबर केलं," मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला. मुलगी म्हणाली, "बरोबर काय त्यात, गोष्ट संपली तरी भांडण तसंच." मग वर्गात जी जुंपली ती तास संपल्याची घंटा होऊनही चालू होती. कुणी म्हणे थोरला शहाणा, कुणी म्हणे पूर्णच मनात धरून बसला, बुद्धाकडे जाऊन काय उपयोग. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, मधे पडल्या नाहीत.

निघताना त्या मुलीनं पुस्तकाचं नाव विचारलं. तिला वाचता येईल असं मराठी पुस्तक माझ्या हाताशी नव्हतं. त्या शनिवार-रविवारी मी बसून गोष्ट माझ्या मराठीत लिहिली, बारा पानं झाली, ऑफिसच्या प्रिंटरवर सहा प्रती काढल्या, स्टेपल मारले आणि बिनदाराच्या कपाटात ठेवल्या. पुढच्या आठवड्यात रजिस्टर पाहिलं. पहिली नोंद बाईंची होती, शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनानं: शुद्धलेखनाच्या नऊ चुका.