चाकातला उजेड, खिशातला उजेड

डायनॅमोचा दिवा आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. अंधाऱ्या बोळाच्या तोंडाशी बारीक घरघर सुरू व्हायची, जवळ येता येता तिचा सूर चढायचा आणि मग वळणावरच्या भिंतीवर एक पिवळट गोल उमटायचा. पायडल जोरात पडत असेल तर गोल ठसठशीत, माणूस दमलेला असेल तर मातकट. दुसऱ्या पाळीहून घरी येणाऱ्याची सायकल घरच्यांना त्या आवाजावरून कळायची आणि ताटं मांडली जायची. उजेडावरून माणसाचा थकवा ओळखता यावा असा दिवा पुन्हा काही झाला नाही.

वस्तू म्हणाल तर मुठीत मावेल एवढी. पुढच्या चिमट्याला पट्टीने आवळलेली एक डबी. खटका दाबला की स्प्रिंगच्या जोराने ती टायरच्या कडेवर झुकायची आणि तिच्या डोक्यावरची खाचांची चकती टायरला घासून फिरू लागायची. आत फिरणारं चुंबक, भोवती तारेचं वेटोळं. चुंबक हललं की तारेत वीज जागते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं; तेवढ्याच भांडवलावर हा कारभार चालायचा. दिव्याकडे जाणारी तार एकच. वीज परत यायची ती सायकलीच्या लोखंडी सांगाड्यातून. म्हणून पट्टी बसवताना दुकानदार तिच्यातला टोकदार स्क्रू असा पिळायचा, की तो रंग फोडून थेट लोखंडाला भिडला पाहिजे. रंग फुटला नाही तर दिवा लागत नसे. कोऱ्या करकरीत सायकलीवर पहिला ओरखडा पडायचा तो असा, उजेडापायी, आणि मालकाचा जीव तेवढ्यापुरता कळवळायचा.

या दिव्याचे नखरेही पुष्कळ. पावसात टायर ओला झाला की चकती घसरायची; म्हणजे ज्या रात्री उजेड हवा त्याच रात्री तो रुसायचा. उतारावर सायकल सुसाट सुटली की बल्ब उडायचा. मागचा बल्ब गेला तर त्याच्या वाटणीची वीजही पुढच्याच्या अंगावर यायची, आणि पाठोपाठ तोही जायचा. सर्वांत मोठी खोड म्हणजे चाक थांबलं की दिवा गेला. पुण्यात बिनदिव्याची सायकल हा डबलसीटइतकाच गाजलेला गुन्हा होता आणि चौकातला पोलिस बेलाशक चाकांची हवा सोडायचा. त्याआधीच्या रॉकेलच्या दिव्यांच्या काळात ‘आत्ताच विझला हो’ म्हणणाऱ्याच्या दिव्याला हात लावून पोलिस तो गरम आहे का बघत, असं जुनी माणसं सांगतात. डायनॅमोवाल्याकडे त्याहून सरस सबब असे. ‘साहेब, तुम्ही थांबवलंत म्हणून विझला.’ आणि गंमत म्हणजे ती खरी असायची.

पुढे बॅटरीचे दिवे आले आणि ही सगळी रडगाणी एका फटक्यात संपली. रबरी पट्टा हँडलवर ओढायचा, बटण दाबायचं. सिग्नलला थांबा, चढावर उतरून सायकल ढकलत न्या, उजेड तसाच. घाट चढताना तर याचं मोल फार. खंबाटकीच्या चढावर सायकल माणसाच्या चालीने सरकत असते, मागून ट्रक हुंकार देत येत असतात, आणि जुना डायनॅमो नेमका तेव्हाच मंदावतो. तिथे बॅटरीचा लाल दिवा पाठीशी जळत असला की जीव भांड्यात पडतो.

पण बॅटरीचा हिशेब वेगळा असतो. हल्लीच्या दिव्यांत बहुधा १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियमचा सेल असतो. चांगल्या सेलमध्ये दहा-अकरा वॅट-तास वीज मावते. तीन वॅटचा दिवा त्यावर साडेतीन तास चालला तर पुष्कळ. रोजच्या ये-जा करणाऱ्याला एवढं आठवडाभर पुरतं. पण मग रविवारी तो चार्जिंगला लावायची आठवण हवी, सोमवारी तो घरातून उचलायची आठवण हवी, आणि भाजी घ्यायला उतरलं की काढून खिशात टाकायचीही, नाहीतर परत येईपर्यंत हँडल मोकळं. डायनॅमो हा रोजंदारीवरचा उजेड. आज कमवायचा, आज खायचा, शिल्लक शून्य. बॅटरी ही ठेव. आहे तोवर राजा, संपली की मधल्या मुक्कामावर दमडी नाही.

हे सगळं माहीत असलेल्या माणसाने डायनॅमो भंगारात काढावा आणि मोकळं व्हावं, अशीच कुणाची समजूत होईल. पण मधल्या काळात डायनॅमोही बदलला. टायरला घासणं सोडून तो चाकाच्या हबमध्येच जाऊन बसला. ही कल्पना नवी नाही; नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने असा हब १९३६ च्या सुमारास बाजारात आणला होता. तिला खरं बळ मिळालं ते जर्मनीत, नव्वदच्या दशकापासून, आणि मग पांढरा एलईडी आल्यावर. जुन्या बल्बला जेवढी वीज लागे तेवढ्याच तीन वॅटमध्ये एलईडी रस्ता लख्ख उजळतो. सायकल थांबली तरी दिव्यातला छोटा कपॅसिटर साठवलेल्या विजेवर काही मिनिटं तो मिणमिणता ठेवतो. वेग वाढला तरी वेटोळ्याचा स्वतःचाच अडसर वीजप्रवाहाला अर्ध्या अँपिअरच्या आसपास रोखून धरतो. पावसाचा प्रश्नच मिटला, घरघरही गेली. पायाला पडणारा भार म्हणाल, तर आरामात चाललेला माणूस शंभरेक वॅट ताकद लावतो. त्यातली पाचएक वॅट दिवा खातो. समोरून वाऱ्याची एक झुळूक आली तरी याहून जास्त जातं.

लांब पल्ल्याच्या स्वारांना हा हिशेब पाठ असतो. पुणे-मुंबई-नाशिककडे ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळात पुऱ्या करायच्या लांबच्या सायकलफेऱ्या, करणारी मंडळी आता बरीच झाली. सहाशे किलोमीटरना चाळीस तास मिळतात, म्हणजे रात्र टळत नाही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १८९१ पासूनची बाराशे किलोमीटरची वारी नव्वद तासांत पुरी करायची असते. तिथे काहीजण सेलांची पिशवी बाळगतात आणि प्रत्येक मुक्कामावर भिंतीतला प्लग शोधतात. काहीजण हबचा डायनॅमो लावून चार्जिंगची चिंताच सोडून देतात. दोघेही पोचतात. मध्यरात्री तीन वाजता, झोपेने डोकं जड झालेलं असताना, ‘अजून किती उरलाय’ हा प्रश्न एकाला पडतो आणि दुसऱ्याला पडत नाही, एवढाच फरक. पण तीन वाजता तो फरक मोठा वाटतो.

माझ्या लेखी प्रश्न कमी-जास्त उजेडाचा नाहीच. दिवा कुणाचा, सायकलीचा की स्वाराचा, हा आहे. बॅटरीचा दिवा स्वाराचा असतो. तो शिस्तीचा असेल तर दिवा आहे, विसरभोळा असेल तर नाही. हबचा डायनॅमो सायकलीचा असतो, मडगार्डासारखा. तिच्यावर कुणीही बसो, धाकटा भाऊ, शेजारचा पोरगा, उजेड तिच्याबरोबर निघतो. जर्मनीतला कायदा २०१३ पर्यंत साध्या सायकलीला डायनॅमोच हवा असं सांगत होता. मग बॅटरीलाही मुभा मिळाली. तो हट्ट जुनाट वाटला तरी त्यामागे माणसाच्या आठवणीवर भरवसा न ठेवण्याचं शहाणपण होतं. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये याचा पडताळाच घेतला गेला. चाकाच्या आऱ्यांवर चुंबक बसवून चालणारे, दिवसाही बंद न होणारे दिवे वापरणारे आणि नेहमीच्या पद्धतीने जाणारे, अशा मिळून सुमारे ३,८०० सायकलस्वारांची वर्षभर नोंद ठेवली. कायम दिवा असणाऱ्यांमध्ये इजा झालेले अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. ज्या दिव्याला बटणच नाही तो विसरता येत नाही.

आपल्याकडे मात्र उलटा खेळ झाला. डायनॅमो होता तो साध्या, काळ्या, भक्कम सायकलीवर. गिरणीकामगार, पोस्टमन, दूधवाला, मास्तर यांची ती सायकल. तिच्यावरून तो हळूहळू गळून पडला. बॅटरीचे झगझगीत दिवे आले ते गिअरच्या, महागड्या सायकलींवर, पहाटे हौसेने निघणाऱ्यांच्या हँडलवर. त्यातले कित्येक टॉर्चसारखे गोल झोत टाकून समोरच्याचे डोळे दिपवतात, ते वेगळंच. आणि ज्याला खरोखर रात्रीच जायचं-यायचं असतं, तो सोसायटीचा वॉचमन, साखर कारखान्याच्या रात्रपाळीचा कामगार, हॉटेल बंद करून बाराला निघालेला पोरगा, त्याच्या सायकलीला आज दोन्ही नाही. त्याच्या खोलीतला एकुलता प्लग मोबाइलने अडवलेला असतो. सायकलींना रिफ्लेक्टर हवेतच असा आदेश केंद्र सरकारने २०२० मध्ये काढला हे ठीक झालं, पण रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. समोर उघडं गटार असेल तर तो काय सांगणार?

म्हणून मला कुणी विचारलं, कोणता घेऊ, तर मी आधी विचारतो, जातोस कुठे. घाट चढायचा असेल, शहरात सिग्नलोसिग्नली थांबायचं असेल, तर मागचा लाल दिवा बॅटरीचा घे. पुढचा, जमत असेल तर, चाकातून घे आणि विसरून जा. खिसा परवानगी देत नसेल तर साधा बॅटरीचा घे, पण स्क्रूने पक्का कर, काढून खिशात टाकायच्या भानगडीत पडू नकोस. हा सल्ला ऐकायला माझ्याकडे येतात ते निवड परवडणारे लोक. वॉचमन विचारायला येत नाही. तो दुकानात जातो तेव्हा सायकलीला घंटी असते, स्टँड असतो, कॅरिअर असतं, वर सीटचं कव्हर फुकट मिळतं. दिव्याचं नाव काढलं की काउंटरखालून वेगळं खोकं निघतं आणि वेगळी किंमत ऐकू येते. ते खोकं तिथेच परत जातं. डायनॅमो की बॅटरी हा वाद आपण खुशाल घालत राहू. पण आधी दिवा घंटीच्या शेजारी, त्याच बिलात आला पाहिजे. मग तो कशावर का चालेना.