पडद्यावरची कृती आणि तिची फीत

ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

आदरणीय सर,

एखादी संगणकप्रणाली कशी वापरावी हे शिकवण्यासाठी पडद्यावर घडणारे सारे काही, म्हणजे माउसची हालचाल, क्लिक, उघडणाऱ्या खिडक्या आणि सोबतचे निवेदन, चित्रफितीत टिपून घेणाऱ्या साधनाला स्क्रीन रेकॉर्डर म्हणतात. अशा साधनाने शिष्यवृत्तीचे आणि परीक्षेचे अर्ज भरण्याच्या मराठी फिती महाविद्यालयातच तयार व्हाव्यात, असा सरांचा विचार आहे. आरमोरी, नागभीड, सिंदेवाही भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी संकेतस्थळापासून गोंडवाना विद्यापीठापर्यंतचे जवळजवळ सर्व व्यवहार आता पडद्यावरूनच होतात, तेव्हा हा विचार अगत्याचा आहे. मात्र हे काम हाती घेणाऱ्याला जो मनस्ताप होतो, त्याची कारणे आधी समजून घेतली नाहीत, तर चार फितींनंतर उत्साह मावळतो आणि दोष विनाकारण शिक्षकाच्या माथी येतो.

पहिली अडचण यंत्राच्या ताकदीची आहे. रेकॉर्डर हा दाखवल्या जाणाऱ्या प्रणालीच्याच प्रोसेसरवर चालतो आणि दर सेकंदाला तीसेक चित्रे टिपून ती लगेच आकुंचित करण्याचे जड काम करतो, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर मूळ प्रणालीच रेंगाळू लागते, कर्सर उड्या मारतो आणि पाहणाऱ्याचा समज होतो की प्रणालीच सदोष आहे. दुसरी अडचण फाइलच्या घडणीत आहे. एमपी४ या प्रचलित प्रकारात फितीतील कोणता भाग कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग संपल्यावरच लिहिली जाते, म्हणून मध्येच लाइन गेली आणि संगणक बंद पडला, तर अर्ध्या तासाचे काम डिस्कवर असूनही ती फाइल उघडत नाही. ओबीएस या मोफत साधनात एमकेव्ही हा प्रकार निवडला, तर खंड पडेपर्यंतचा भाग हाती राहतो आणि नंतर त्याचे एमपी४ करता येते. ब्रह्मपुरीसारख्या गावी ही निवड पहिल्याच दिवशी करावी.

अक्षरांचा प्रश्न मराठीसाठी अधिक गंभीर आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. फितीचा आकार लहान ठेवण्यासाठी उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची घेतली जाते, परंतु रंगाची नोंद बहुधा चार बिंदूंच्या चौकोनाला मिळून एकच असते. निसर्गदृश्यात हा फरक जाणवत नाही, पण रंगीत बारीक अक्षरांच्या कडा त्यामुळे विटतात, आणि देवनागरीत अर्थाचा भार ज्यांच्यावर असतो ते अनुस्वार, रफार आणि मात्राच आधी पुसट होतात. रफार दिसेनासा झाला की ‘वर्ग’चा ‘वग’ होतो. अर्जातील चूक दाखवणाऱ्या सूचना बहुधा लाल अक्षरांत येतात, म्हणजे जे वाचता यायलाच हवे तेच वाचता येत नाही. त्यात पंधरा इंची पडद्यावरचे अक्षर सहा इंची मोबाइलवर निम्म्याहूनही लहान होते. यावर उपाय साधा आहे: रेकॉर्डिंगपूर्वी ब्राउझरमधील मजकूर दीडपट मोठा करावा आणि तयार फीत विद्यार्थी वापरतात तशाच मोबाइलवर वाचून पाहावी.

आवाजाची गोष्ट ऋतूशी बांधलेली आहे. विदर्भातील सर्वाधिक तापमानाच्या नोंदींत ब्रह्मपुरीचे नाव वारंवार येते, त्यामुळे मे महिन्यात कूलर बंद करून बोलणे अशक्य आणि चालू ठेवून रेकॉर्ड करणे निरुपयोगी, अशी कोंडी होते. ऑडॅसिटीसारखी साधने निवेदन नसलेल्या क्षणाचा नमुना घेऊन तेवढा आवाज वजा करतात, परंतु कूलरचा पंखा आणि पाण्याचा पंप यांचा आवाज सतत बदलत असल्याने ही वजाबाकी जास्त झाली की माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

या सर्वांच्या मुळाशी असलेले कारण वेगळे आहे. २०१२ मध्ये पुढे आलेल्या ओबीएसचे तर पूर्ण नावच प्रक्षेपणाच्या प्रणालीचे आहे, आणि अशा साधनांची कल्पना थेट प्रक्षेपणाची आहे: जे घडले ते एका ओघात टिपायचे. शिकवण्याची फीत मात्र लेखासारखी असते, तिच्यात खाडाखोड करावी लागते. संकेतस्थळावरचे एक बटण हलले की चित्र जुने होते, आणि आवाज त्याच चित्राला जखडलेला असल्याने सारी फीत नव्याने करावी लागते. रेकॉर्डरला फक्त बिंदू दिसतात, ‘येथे उत्पन्नाचा दाखला जोडला’ ही पायरी त्याला कळत नाही, म्हणून ती पायरी तेवढीच बदलण्याची सोय तो देऊ शकत नाही.

या प्रश्नाचे प्रस्तुत पत्रलेखकाला पटलेले उत्तर महाराष्ट्रातच तयार झाले आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या साहाय्याने चाललेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांच्या फिती तयार होतात. तेथे आधी संहिता लिहिली जाते, विषय न जाणणाऱ्या नवशिक्याकडून ती तपासून घेतली जाते आणि मगच रेकॉर्डिंग होते. कोणत्या क्षणी कोणते वाक्य येते याचा वेळेसह तक्ता केला जातो, आणि त्याच तक्त्यावरून चित्र तेच ठेवून मराठीसह इतर भारतीय भाषांतील निवेदन बसवले जाते. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर फीत आणि अर्ध्यावर प्रत्यक्ष प्रणाली उघडून सोबत कृती करत जावी, अशी तेथील शिफारस आहे. या पद्धतीत साधन कोणते याला फारसे महत्त्व उरत नाही. निवेदन सकाळी कूलर सुरू होण्याआधी, चित्र वेगळे आणि पायरीगणिक लहान तुकड्यांत घेतले, तर बटण हलल्यावर एक तुकडा आणि दोन वाक्ये बदलून भागते.

एक दक्षता मात्र कोणत्याही पद्धतीत सुटत नाही. खऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज रेकॉर्ड करू नये, कारण आधार क्रमांक आणि बँक खाते एका चित्रात जरी राहून गेले, तरी फीत मोबाइलवरून फिरू लागल्यावर ते परत घेता येत नाही. बँकांची अनेक मोबाइल अ‍ॅप रेकॉर्डिंग होताना पडदा काळा करतात. ते गैरसोयीचे वाटले, तरी योग्यच आहे, आणि तेवढा भाग वहीवर काढलेल्या आकृतीने दाखवावा.

पहिली फीत उत्पन्नाचा दाखला जोडण्यापुरतीच, तीन-चार मिनिटांची घ्यावी, आणि तिची संहिता रेकॉर्डिंगपूर्वी प्रथम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीकडून मोठ्याने वाचून घ्यावी, ही विनंती.



आपला विद्यार्थी