पाय कुठे ठेवायचा

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात माउंट वॉशिंग्टनच्या खांद्यावर ‘लेक्स ऑफ द क्लाउड्स’ नावाची, डोंगर चढणाऱ्यांच्या मुक्कामाची हट आहे. उंची साधारण ५ हजार फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा कमीच. तरीही आसपास एक उंच झाड दिसत नाही. थंडी आणि वारा इतका, की जंगल बरंच खाली थांबतं आणि वर उरतात बोटभर उंचीची झुडपं, शेवाळं, दगडफूल. वरच्या शिखरावर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेला होता. या डोंगरांत ॲपलाचियन माउंटन क्लबच्या अशा ८ हट्स आहेत. त्यांतल्या या सर्वांत मोठ्या, ९० माणसांच्या हटवर मी एक उन्हाळा नॅचरलिस्ट म्हणून काम केलं.

नॅचरलिस्ट असले तरी भांडी, झाडलोट, स्वयंपाक कुणाला चुकत नाही. इतर हट्सवरची मुलं डोंगरपायथ्यापासून ओझी चढवतात. आमच्याकडे उलटं होतं. शिखरापर्यंत मोटाररस्ता आहे, त्यामुळे भाज्या, अंडी, लोणी लाकडी चौकटीवर बांधून दीड मैल उतरवायचं आणि हटचा कचरा पाठीवर घेऊन वर चढायचं. सकाळी ७ वाजता शिखरावरच्या वेधशाळेचा हवामानाचा अंदाज रेडिओवर यायचा. तो नाश्त्याला बसलेल्या पाहुण्यांना वाचून दाखवायचा. रात्रीच्या जेवणानंतर माझं खरं काम सुरू व्हायचं: पाहुण्यांना इथल्या निसर्गाची ओळख करून देणं.

जूनमध्ये मी लोकांना दारासमोरच्या खडकाजवळ पोटावर झोपायला सांगायची. नाकासमोर डायपेन्सिया नावाच्या झुडपाचा गोल, दाट झुपका. बारीक चामट पानं एकमेकांना इतकी चिकटलेली, की मधून वारा शिरत नाही. वाऱ्याने उडालेली माती आणि झाडाचीच वाळकी पानं आत अडकतात, तीच त्याची जमीन होते. वर पाच पाकळ्यांची पांढरी फुलं. आमच्या डोक्यावरून वारा सणसणत असायचा आणि त्या झुपक्यातल्या मुंगीला त्याचा पत्ताही नसायचा.

अशा झुपक्यावर एक बूट पडला की झुपका फाटतो. फट पडली की त्यातून वारा माती उडवतो, पाऊस उरलेली धुऊन नेतो, हिवाळ्यात गोठणारं पाणी मुळं उचकटतं. एका पावलाने पडलेली फट पुढची कित्येक वर्षं वाढत राहते.

याचा सर्वांत मोठा पुरावा हटपासून थोड्याच अंतरावर, माउंट मन्रोच्या पायथ्याशी आहे. रॉबिन्स सिंकफॉइल हे पिवळ्या फुलाचं झाड तिथल्या खडीत वाढतं. नाण्याएवढं झाड, बीही त्याच्या जवळपासच पडतं, त्यामुळे त्याची वस्ती पसरत नाही. १८१९ साली काढलेली क्रॉफर्ड पाथ ही पायवाट नेमकी या वस्तीतून जायची. वर संग्राहकांनीही झाडं उपटून नेली. १९८० मध्ये ते संकटग्रस्त म्हणून जाहीर झालं. मग पायवाट वळवली, वस्तीला दगडांची कड घातली, रोपं वाढवून लावली. २००२ मध्ये हे झाड संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आलं. नामशेष झालं म्हणून नव्हे, बरं झालं म्हणून बाहेर आलं, हे महत्त्वाचं.

न्यू जर्सीहून आलेल्या एका काकूंनी माझं मराठी आडनाव ऐकून जवळ बोलावलं. म्हणाल्या, “अगं, एवढ्याशा झाडासाठी लोकांनी वाट सोडायची नाही?”

“काकू, वाट सोडायला लोक फार आहेत आणि झाड फक्त इथे आहे. याच डोंगरांत, बाकी जगात कुठेही नाही.”

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निघाल्या तेव्हा चिखल टाळायला त्यांचा नातू गवतावरून चालला होता. काकूंनी त्याला हाक मारून दगडावर घेतलं.

त्या उन्हाळ्यात मला पटलं, की नॅचरलिस्टने लोकांना नावं कमी आणि पाय कुठे ठेवायचा हे जास्त शिकवावं. नावं विसरली तरी चालतात.

आपल्या सह्याद्रीतल्या सड्यांचंही, म्हणजे खडकाळ पठारांचंही, असंच आहे. जागतिक वारशात २०१२ मध्ये आलेल्या कासच्या पठारावर जांभ्यावरची माती कित्येक ठिकाणी इंचभरही नाही, आणि पावसाळ्यातली सारी फुलं तेवढ्यावरच उभी असतात. फोटोसाठी एक पाऊल आत टाकणारे आपण एकटे नसतो, मागून हजारो येत असतात. म्हणून यंदा कासला, हरिश्चंद्रगडावर, कुठेही जाल तेव्हा मळलेल्या वाटेवरूनच चाला. वाटेत चिखल असेल तर बूट भरू द्या. ते घरी धुता येतात.