गचपणातली जोडी

बेडूकतोंड्या, म्हणजे श्रीलंकन फ्रॉगमाऊथ, शोधायला आलेली माणसं झाडांच्या शेंड्यांकडे बघत चालतात. दोडामार्गातल्या तिलारीच्या रानात मी आधी गचपण बघतो: वेताची जाळी, गारंबीचे पिळे, वरून गळून वेलींत अडकलेली सुकी पानं. त्यातलं एखादं पान जरा जास्तच जाड, जरा जास्तच ताठ दिसलं की पाय आपोआप थांबतात.

पक्षी जेमतेम २३ सेंटिमीटरचा. चाहूल लागली की चोच हळूहळू वर उचलतो, डोळ्यांची बारीक फट करतो आणि मोडक्या फांदीचा खुंट होऊन जातो. नवख्याला तो रातवा वाटतो. पण रातव्याची चोच इवलीशी, आणि फांदीवर तो बहुधा लांबीच्या दिशेने पसरतो. याची चोच रुंद, टोकाशी वाकलेली, मुळाशी राठ केस, डोळे समोर वळलेले. एक दिसला की शेजारी दुसरा बघायचाच. जोडी दिवसभर अंगाला अंग लावून बसते. नर करडा, ठिपक्या-रेघांचा, मादी तांबूस आणि बरीचशी एकरंगी.

अंधारात काम कानांचं. मादीची कर्कश, खाली उतरत जाणारी किंकाळी एकदा ऐकली की विसरत नाही. तोच आवाज मोबाइलवर वाजवून पक्ष्याला समोर आणणं मला मुळीच मान्य नाही. तळहातावर मावेल एवढं घरटं, आतून मऊ पिसं, बाहेरून दगडफूल आणि सालपटं, त्यात एकच पांढरं अंडं. दिवसा ते उबवतो नर. मोबाइलच्या आवाजाला भुलून तो उठला की सगळंच उघडं पडतं.

२०२० साली तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, त्याचं मला फार समाधान आहे. पण दोडामार्गातलं पुष्कळ रान खासगी मालकीचं आहे, आणि तिथे रबर वाढतंय. लांबून ती बागही हिरवीच दिसते. आत शिरलं की खाली सगळं साफ. वेल नाही, जाळी नाही, पक्ष्याने बसावं कुठे? मालकांना मी एवढंच सांगतो, की ओढ्याकाठची पट्टी तोडू नका. वेताचे काटे गुरांना लागतात, असं ते म्हणतात, आणि ते खरंही आहे. मग वाट सोडून बाकीचं तरी ठेवा, असं म्हणून मी पुन्हा बोलणं सुरू करतो.