पेन्सिलीचं वेळापत्रक

आमच्या हेडसरांनी वेळापत्रक कधी शाईनं लिहिलं नाही. जूनमध्ये मोठा कार्डशीट यायचा, त्यावर ते पट्टीनं रेघा आखायचे आणि घरं भरायचे ती पेन्सिलीनं. दिवाळीपर्यंत काही घरं खोडून खोडून कागदाला लव सुटायची. बोट फिरवलं की वर्षभराची भांडणं हाताला लागायची.

शाळा कृष्णाकाठची. नदी साताऱ्याकडून येते, कऱ्हाड मागं टाकून सांगलीकडं जाते. 1949 पर्यंत यातला बराच भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. सांगली जिल्हा हे नाव 1960 चं. सोयरिकी अजून इकडच्या तिकडं होतात, आणि भाऊबंदकीही तीच. बांधाचा वाद, निवडणुकीतला राग, तालमीतली ईर्ष्या, सगळं सकाळी दप्तरातून शाळेत यायचं. स्टाफरूमची भाऊबंदकी आणखी वेगळी.

मी तेव्हा एसटीनं यायचे. गाडी चुकली की पहिला तास बुडायचा आणि शेजारच्या सरांना दोन वर्ग सांभाळावे लागायचे. एके दिवशी त्यांनी मस्टर माझ्यापुढं आपटलं. दोघांचे आवाज व्हरांड्यात गेले. हेडसरांनी कुणाला आत बोलावलं नाही. मधल्या सुट्टीत ते सरांबरोबर मैदानाला फेरी मारून आले, शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर. निकाल दिला नाहीच. दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात माझ्या पहिल्या घरात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि त्यांचा शेवटचा तास मला दिला होता. सरांना हरल्यासारखं वाटलं नाही, मलाही नाही.

खाजगी शाळेत 1981 च्या नियमावलीप्रमाणं हेडमास्तरचं पद सेवाज्येष्ठतेनं येतं. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांच्याच नावापुढं आज लाल शाईची खूण करायची. नोटीस आहे, खुलासा आहे, चौकशी समिती आहे. पण एकदा लेखी खुलासा मागितला की ती दोन माणसं पुन्हा एका डब्यात जेवत नाहीत, हे मी पाहिलंय.

एकत्र जेवण म्हटलं की मला साताऱ्याचं वसतिगृह आठवतं. 1919 मध्ये कऱ्हाडजवळ काले इथं भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि 1924 मध्ये साताऱ्यात हे वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं तिथं एका चुलीवर रांधायची आणि एका पंगतीत बसायची. 1927 मध्ये गांधीजीही तिथं येऊन गेले. विटाळाचं भांडण भाषणानं मिटलं नसतं. भाऊरावांनी पोरांच्या हातात पीठ दिलं, पाणी दिलं. ज्यांचे बाप एकमेकांच्या सावलीला उभे राहत नसत, ती पोरं भाकरीची वाट बघत शेजारी बसली.

आमचे हेडसर एकदा मात्र चुकले. जत्रेतलं भांडण शाळेत आलं आणि नववीतल्या एका पोराचं डोकं फुटलं. त्याच्या घरचे वजनदार. मारणाऱ्याचा बाप जतकडून ऊसतोडीला आलेला आणि गावातच राहिलेला. सकाळी ऑफिसपुढं माणसं जमली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, पण मारणारा पोरगाही नववीत होता. हेडसरांनी दोन दिवस ताणलं. तिसऱ्या दिवशी दाखला लिहिला. शाळा सोडण्याचं कारण: पालकांच्या विनंतीवरून. बापानं अर्जावर अंगठा उठवला, तेव्हा तो रकाना त्याला कुणी वाचून दाखवला नाही. मी तिथंच उभी होते.

दाखल्याची नोंद जाते ते जनरल रजिस्टर शाईनं लिहितात. आता ती खुर्ची माझ्याकडं आली आहे, आणि ते पान मला न शोधता सापडतं.

परवा दोन्हीकडचे पालक तावातावानं आले. पोरं बाहेर बाकाच्या दोन टोकांना बसली होती, एकाच्या शर्टाची बटणं तुटलेली. मी शिवणाच्या डब्यातून सुईदोरा मागवला आणि दुसऱ्याला म्हटलं, लाव. पालक बोलत होते, मी हो-हो म्हणत होते, पण लक्ष दारातून त्या बोटांकडं होतं. दोरा काही ओवला जाईना. तीनदा हुकला. मग ज्याची बटणं तुटली होती, तो सरकून जवळ आला, त्यानं दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं केलं, बोटांत पिळलं आणि सुई आपल्या हातात घेतली.